शिव्या खाणारा माणूस पाहिजे

भोसरीच्या एमआयडीसीत मशीन विकत घेताना लोक स्पिंडलची ताकद बघतात, बेड ठोकून बघतात, टरेटवर टूल किती बसतात ते मोजतात. खरी बघायची गोष्ट मात्र कोटेशनमध्ये लिहिलेली नसते: मशीन बंद पडल्यावर शिव्या कुणाला घालायच्या? नामांकित कंपनीचा कंट्रोलर घेतला की ही सोय मशीनबरोबर आपोआप येते. तिचं नाव सर्व्हिस इंजिनिअर.

मशीन शक्यतो बुधवारी रात्री बंद पडतं, कारण भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शुक्रवारी माल पोचवायचा असतो. शुक्रवारी सर्व्हिस इंजिनिअर येतो. खांद्याला बॅग, हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर मयताला आल्यासारखा भाव. तो ठरावीक चार वाक्यांपैकी एक बोलतो. ‘बॅटरी डाऊन झाली, पॅरामीटर उडाले.’ ‘पॅरामीटर लॉक आहेत, हेड ऑफिसला विचारावं लागेल.’ ‘कार्ड गेलंय.’ आणि सर्वांत भीषण: ‘हे मॉडेल आता कंपनीने बंद केलंय.’ मग मालक त्याला, त्याच्या कंपनीला आणि कंपनीच्या देशाला उद्देशून जे बोलायचं ते बोलतो. इंजिनिअर ऐकून घेतो, चहा पितो, व्हिजिट चार्जची पावती फाडतो. दोघांचंही समाधान होतं. या व्यवहारात मशीन कधी कधी दुरुस्तही होतं.

आमच्या एका काकांची भोसरीत शेड आहे. चाकणच्या एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरला ते बुश आणि पिना पुरवतात. त्यांच्या सीएनसी लेथच्या बाबतीत एके दिवशी चौथं वाक्य उच्चारलं गेलं. लेथ ठणठणीत होती. बेड शाबूत, बॉलस्क्रू शाबूत, सर्व्हो मोटरी शाबूत. फक्त डोकं गेलं होतं, आणि नव्या डोक्याची किंमत धडाच्या बाजारभावापेक्षा जास्त होती. काका शेडमध्येच बसून राहिले. अशा वेळी प्रत्येक पुणेकराच्या घरात जे असतं ते त्यांच्याही घरात होतं: इंजिनिअर झालेला पुतण्या.

‘काका, लिनक्ससीएनसी टाकू,’ पुतण्या म्हणाला. ‘फुकट आहे.’

फुकट म्हटल्यावर काका सावध झाले. फुकट वस्तूचे पैसे कुठे लपवलेले असतात हे शोधण्यात त्यांची हयात गेली आहे. पुतण्याने सगळा इतिहास सांगितला. १९९०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या मानकं ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या संस्थेने यंत्र चालवणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं. त्याचं नाव एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर, म्हणजे ईएमसी. सरकारी पैशातून झालेलं काम म्हणून ते सर्वांना खुलं झालं. पुढे जगभरच्या हौशी आणि कसबी लोकांनी ते वाढवलं. २०११मध्ये ईएमसी याच नावाच्या एका बड्या कंपनीने नावावर हरकत घेतली, तेव्हा त्याचं लिनक्ससीएनसी झालं.

काकांनी एवढ्या इतिहासातून एकच मुद्दा उचलला. ‘म्हणजे बिघडलं तर अमेरिकन सरकारला फोन करायचा?’

‘कुणालाच नाही, काका. सगळा सोर्स कोड आपल्याकडे असतो. आपणच बघायचं.’

या वाक्याचं गांभीर्य त्या दिवशी काकांच्या लक्षात आलं नाही. ते आनंदाने म्हणाले, ‘पासवर्ड नाही? लॉक नाही?’ वीस वर्षं कुलपाला शिव्या घातलेल्या माणसाला कुणी किल्ल्यांचा जुडगा दिला, तर घराची राखणही आता आपल्याकडे आली, हे सुचायला वेळ लागतोच.

मग कॉम्प्युटर आणायचा झाला. नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथून एक जाडजूड पीसी आला. त्यात पीसीआय स्लॉट होता, म्हणजे सर्व्हो ड्राइव्हना हुकूम देणारं कार्ड बसवता येणार होतं. आता त्याची लेटन्सी टेस्ट घ्यायची. लेथला दर मिलिसेकंदाला, सेकंदात हजार वेळा, नवा हुकूम लागतो. ‘अंदाजे हजार’ चालत नाही. म्हणून साध्या लिनक्सऐवजी रिअल-टाइम कर्नल लागतं, ज्यात ठरलेलं काम ठरलेल्या क्षणी व्हावं म्हणून बाकीची कामं बाजूला सारली जातात. ही सोय कित्येक वर्षं वेगळी जोडावी लागे. २०२४च्या अखेरीस आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ती मुख्य कर्नलमध्येच आहे.

टेस्टची पद्धत काकांना मनापासून आवडली. कॉम्प्युटरला जमेल तेवढा छळायचा आणि उशीर किती होतो ते मोजायचं. विंडो सरकवा, मोठ्या फाइल कॉपी करा, पडद्यावर त्रिमितीय चाकं फिरवत ठेवा. लेथ सांभाळणाऱ्या सेटरने मोठ्या आवाजात भजन लावलं. आकडा वाईट आला. मग बायोसमध्ये जाऊन वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद कराव्या लागल्या, कारण प्रोसेसर वीज वाचवायला डुलकी काढतो आणि जागा होईपर्यंत उशीर होतो. दुपारच्या डुलकीमुळे काम खोळंबतं, हे पुण्यात कुणी उघडपणे मान्य केल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. काकांचं दुःख निराळं होतं. काटकसर बंद केल्यावर यंत्र नीट चालतं, ही गोष्ट त्यांच्या आजवरच्या तत्त्वज्ञानात बसत नव्हती.

एवढं करूनही उशीर झालाच तर लिनक्ससीएनसी पडद्यावर ‘अनपेक्षित विलंब’ अशी सूचना देतं. गंमत म्हणजे प्रोग्राम एकदा सुरू केला की ही सूचना एकदाच येते. पुढे हजार वेळा उशीर झाला तरी पुन्हा सांगत नाही. या सॉफ्टवेअरचं मराठीकरण करायची वेळ आली, तर एवढा भाग आहे तसा ठेवायला हरकत नाही.

आता अक्ष. लिनक्ससीएनसीमध्ये हॅल नावाचा थर असतो. त्यात प्रत्येक गोष्टीला पिना असतात आणि त्या पिना सॉफ्टवेअरमधल्या तारांनी एकमेकींना जोडायच्या. लिमिट स्विचची पिन इकडे, सर्व्होच्या एनेबलची पिन तिकडे. एका तारेवर बोलणारा एकच असतो, ऐकणारे कितीही. दुसरा बोलायला गेला की प्रोग्राम सुरूच होत नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हे कधी आणता येईल, असा विचार मनात आला. असो. इमर्जन्सी स्टॉप मात्र पुतण्याने सॉफ्टवेअरवर सोडला नाही. लाल बटन दाबलं की मोटरींचा पुरवठा रिलेमधून थेट तुटेल अशी तार ओढली. कॉम्प्युटर त्या वेळी कुठल्या मनःस्थितीत असेल ते सांगता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. या एका मुद्द्यावर शेडमधल्या सर्वांचं एकमत झालं.

एका संध्याकाळी एक्स आणि झेड दोन्ही अक्ष हलले. काकांनी पेढे वाटले. सेटरने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, ‘शेठ, टरेट?’

टरेट फिरेना. आठ टूलचा हा टरेट वेगळ्याच घराण्यातला होता. तयार कंपोनंट, म्हणजे हॅलमध्ये बसणारे छोटे प्रोग्राम, शोधले. दुसऱ्या कुणाकुणाच्या टरेटसाठी लिहिलेले सापडले, पण एकाचा सेन्सर वेगळा, दुसरा हवेवर चालणारा. कंपनीच्या कंट्रोलरमध्ये ही अक्कल आतल्या लॅडर प्रोग्राममध्ये दडलेली होती आणि कंट्रोलरबरोबरच ती गेली. म्हणजे कंपोनंट स्वतः लिहायचा. सी भाषेत लिहायचा, कंपाइल करायचा, बसवायचा.

लिहायचं काय, हे सेटरलाच ठाऊक होतं. गेली अनेक वर्षं तो त्या टरेटच्या शेजारी उभा आहे. पुतण्या वही घेऊन बसला.

‘आधी मोटर फिरते,’ सेटर म्हणाला. ‘मग टूल जवळ आलं की खट् करून पिन पडते. मग मोटर थांबते. जरा दम खाते. मग उलटी फिरते आणि दप् करून लॉक होतं.’

‘टूल जवळ आलं हे कसं कळतं?’

‘चार तारांवर नंबर येतो. पाचवीवर हो आलं, की मगच वाचायचा. मधेच वाचला तर खोटा नंबर देतो.’

‘दम किती वेळ खाते?’

‘जरा.’

‘जरा म्हणजे?’

सेटरने बोटांनी चुटकी वाजवली, मग विचार करून पुन्हा जरा सावकाश वाजवली. पुतण्याने मोबाइलवर दोन्ही चुटक्या रेकॉर्ड केल्या आणि मधलं अंतर मोजलं. साधारण तीनशे मिलिसेकंद. मी अनेक कंपन्यांची जाडजूड स्पेसिफिकेशन पुस्तकं पाहिली आहेत. इतकं नेमकं दुसरं पाहिलं नाही. सर्व्होचा धागा, म्हणजे दर मिलिसेकंदाला हुकूम देणारी फेरी, सेकंदात हजार वेळा धावतो, म्हणून तीनशे फेऱ्या मोजून भागलं असतं. पण उद्या कुणी धाग्याचा वेग बदलला तर दम खाण्याचा काळही बदलेल. म्हणून पुतण्याने मागच्या फेरीपासून किती काळ गेला ते विचारून बेरीज करत जाणारा कोड लिहिला. तिथे थांबून वाट पाहायची सोय नाही, हेही त्याने सांगितलं. दर फेरीला यायचं, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते बघायचं, त्या पायरीपुरतं काम करायचं आणि मिलिसेकंदाच्या आत बाहेर पडायचं. आत शिरून कुणी गप्पा मारत बसला तर सगळी लेथ अडते. काका म्हणाले, ‘हा नियम ऑफिसात लावता येईल का?’

आता फाइल. वरच्या भागात कंपोनंटचं नाव, त्याच्या पिना, कुठली आत येणारी, कुठली बाहेर जाणारी. मग एकापाठोपाठ दोन सेमीकोलन. त्याखाली सी भाषेतला कोड. पुतण्याने ‘हॅलकंपाइल’ या आज्ञेला इन्स्टॉल करायला सांगितलं. पहिलं उत्तर आलं: अशी आज्ञाच अस्तित्वात नाही. कंपोनंट वापरायचे असतील तर नुसतं लिनक्ससीएनसी पुरतं. स्वतः घडवायचे असतील तर त्याचं डेव्ह पॅकेज वेगळं टाकावं लागतं. शेडमध्ये तेव्हा इंटरनेट नव्हतं. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, मोबाइल खिडकीत उभा धरून ते उतरवलं. मोबाइल धरायचं काम काकांकडे होतं आणि त्यांनी ते मालकाला शोभेल अशा गांभीर्याने केलं.

दुसरं उत्तर: फाइलचं नाव आणि आतल्या कंपोनंटचं नाव जुळत नाही. इथे आपली राष्ट्रीय सवय आडवी आली. आत नाव होतं ‘टरेट’. फाइल मात्र एव्हाना ‘टरेट-फायनल-नवीन-२’ झाली होती. तिच्या शेजारी ‘टरेट-फायनल’, ‘टरेट-फायनल-खरी’ आणि ‘टरेट-काका’ अशी भावंडं नांदत होती. जीएसटीच्या फाइलपासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत आपल्याकडे फायनल या शब्दाला कुणी विचारत नाही. हॅलकंपाइल विचारतं. बाहेर एक आणि आत एक त्याला खपत नाही.

तिसरी अडचण लायसन्सची. फाइलमध्ये लायसन्सची ओळ लिहायची असते. पुतण्याने ‘जीपीएल’ लिहिलं. काकांनी चष्मा लावला. लायसन्स म्हटलं की त्यांना फॅक्टरी इन्स्पेक्टर आठवतो.

‘हे कुणाकडून काढायचं?’

‘काढायचं नाही काका, आपणच द्यायचं. हे ज्याला आपण देऊ त्याला त्याचा सोर्सही मागता येईल, बदलता येईल, पुढे वाटता येईल.’

‘म्हणजे शेजारच्या शेडवाल्याला?’

‘त्याला दिलंत तर.’

‘आणि कुणाला दिलंच नाही तर?’

‘मग कुणालाच काही द्यायचं बंधन नाही.’

काकांचा चेहरा उजळला. स्वातंत्र्याच्या एवढ्या मोठ्या चळवळीतली आपल्या सोयीची वाट त्यांना अर्ध्या मिनिटात सापडली होती.

मग सुडोचा पासवर्ड. इन्स्टॉल करताना फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये जाते, म्हणून तो लागतोच. पुतण्याने सुरक्षिततेवर थोडं बोलून अवघड पासवर्ड ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या कडेला मार्करने लिहिलेला आढळला, खाली ‘कोणीही बदलू नये’ अशी सूचना होती.

कंपाइल झालं. इन्स्टॉल झालं. लोड झालं. एकही एरर नाही. टूल बदलायची आज्ञा दिली, आणि टरेट ढिम्म. पडद्यावर कंपोनंट दिसतोय, पिना दिसताहेत, तारा जोडलेल्या आहेत, सगळं कसं जागच्या जागी, पण हालचाल शून्य. पुतण्याने कोड दहादा तपासला. सेटरने टरेटला हातोडीच्या दांड्याने दोनदा हळूच ठोकलं. शेवटी कळलं की कंपोनंट नुसता लोड करून भागत नाही. त्याचं फंक्शन धाग्याला जोडावं लागतं, नाहीतर त्याला कुणी बोलावतच नाही. महापालिकेत एखादा कर्मचारी टेबल-खुर्चीसह हजर असावा, पण कामवाटपाच्या आदेशात त्याचं नाव नसावं, तसा तो बसला होता. कामचुकार नव्हता, त्याच्याकडे कुणी फाइलच पाठवली नव्हती. ती एक ओळ लिहिली. क्रमही सांभाळावा लागला: आधी कार्ड वाचायचं, मग टरेटचा विचार, मग कार्डावर लिहायचं. उलटं केलं तर विचार शिळ्या बातमीवर होतो.

टरेट फिरला. खट्. दम. दप्. सेटरने मान डोलावली. त्या मान डोलावण्यापुढे कुठलंही आयएसओ सर्टिफिकेट फिकं.

यापुढे सुख नांदायला हवं होतं. लेथ चालू होती, माल जात होता, व्हिजिट चार्ज वाचत होता. पण काकांच्या वागण्यात काही बिनसलं होतं. एके दिवशी सेन्सरवर धातूची शेव अडकून टरेट मधेच थांबला. काकांनी सवयीने मोबाइल उचलला, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. फोन कुणाला करायचा? जुन्या सर्व्हिस इंजिनिअरचा आता संबंध नाही. अमेरिकी सरकारने अंगावरून केव्हाच झटकलं आहे. जगभरचे जे लोक हे सॉफ्टवेअर लिहितात त्यांनी एक पैसा घेतलेला नाही, आणि पैसे न घेतलेल्या माणसाला शिव्या घालायला जीभ रेटत नाही. परवान्यात तर स्पष्टच लिहिलं आहे की कसलीही हमी नाही.

राहिला पुतण्या. पण पुतण्याला बोललं की संध्याकाळी वहिनींचा फोन येतो. ‘भावजी, पोराने रात्री रात्री जागून करून दिलं, एक रुपया घेतला नाही, आणि तुम्ही त्याला बोललात म्हणे.’ कंपनीच्या इंजिनिअरची आई कधी फोन करत नसे. वीस वर्षांत एकदाही नाही. व्हिजिट चार्जमध्ये केवढी मोठी सेवा अंतर्भूत होती, हे काकांना आत्ता कळत होतं.

शिवाय पुतण्या हिंजवडीला नोकरीला आहे आणि परदेशाचं बोलतो आहे. लिनक्ससीएनसीची नवी आवृत्ती टाकली की आपले कंपोनंट पुन्हा कंपाइल करावे लागतात, असं तो एकदा सहज बोलून गेला. तेव्हापासून काकांनी त्या कॉम्प्युटरची इंटरनेटची तार काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे.

एवढ्यात शेजारच्या शेडवाल्याचा कंट्रोलर गेला. चौथं वाक्य तिकडेही उच्चारलं गेलं आणि त्याचा टरेट अगदी आमच्यासारखाच निघाला. तो पेढे घेऊन आला, चहाला थांबला, काकांच्या दूरदृष्टीबद्दल बराच वेळ बोलला. कुणालाच द्यायचं नाही हा काकांचा निश्चय दुसऱ्या पेढ्यापर्यंत टिकला. ‘आपण कुठे विकत घेतलंय?’ ते उदार स्वरात म्हणाले. ‘देऊन टाक रे त्याला. सोर्ससकट दे.’

फाइल पेन ड्राइव्हवर टाकण्याआधी पुतण्याने एकदा उघडली. लायसन्सच्या ओळीशेजारी लेखकाच्या नावाची ओळ रिकामी होती.

‘इथे कुणाचं नाव टाकू?’

काका म्हणाले, पैसे माझे, शेड माझी, मशीन माझं. पुतण्या म्हणाला, कोड माझा आहे, पण खरं सांगायचं तर अक्कल सगळी सेटरची. मी नुसतं लिहून घेतलं. मग काकांनाही मन मोठं करावंसं वाटलं. आपल्या माणसाचं नाव जगभर जाईल, असं ते म्हणाले. सेटर मशीनजवळ जॉब पुसत उभा होता. त्याला बोलावून सगळं समजावलं.

त्याने फडक्याला हात पुसले. ‘नाव टाकल्यावर काय होतं?’

‘मशीन बंद पडलं,’ पुतण्या म्हणाला, ‘की लोक ते नाव बघून फोन करतात.’

‘मग शेठचं टाका,’ सेटर म्हणाला.

ती ओळ पहिल्याच फटक्यात कंपाइल झाली.